कुटुंबाचे प्रकार मोजण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकल पालक, लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी, सावत्र भावंडांची घरं, समलिंगी जोडपी, एकेकटी राहणारी माणसं हे सगळं वाढतंय यावर कोणाचं दुमत नाही. पण समाजशास्त्राच्या वर्गात त्याचे तीन अर्थ कानावर पडतात. कोणी म्हणतं कुटुंबसंस्था ढासळतेय, कोणी म्हणतं नुसतं रूप पालटतंय, आणि कोणाच्या मते 'हे कुटुंब' म्हणून बोट दाखवावं असं एक काही उरलेलंच नाही. यातलं कोणाचं खरं धरायचं, आणि उत्तर लिहिताना या सगळ्यांची सांगड कशी घालायची?

बरीच वर्षं कुटुंबांच्या मुलाखती घेतल्यावर आणि हाच विषय शिकवल्यावर माझं मत असं झालंय की यातली निम्मी भांडणं मोजणीतून उभी राहिलेली आहेत. एका छताखाली कोण राहतं हे मोजलं तर एक चित्र दिसतं. कोण कोणासाठी काय करतं हे विचारलं तर दुसरंच. उरलेली निम्मी भांडणं एका प्रश्नाला बगल दिल्यामुळे होतात: हे वैविध्य लोकांनी निवडलंय की त्यांच्यावर येऊन पडलंय? हे दोन प्रश्न हाताशी ठेवून वाचलं की विचारवंतांची जंत्री पाठ करावी लागत नाही. कोण काय मोजतोय आणि कोणाविषयी बोलतोय एवढं दिसलं की पुरतं.

सुरुवात नेहमीप्रमाणे जॉर्ज मर्डॉक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञापासून करू, कारण वादाचं मूळ तिथे आहे. 1949 साली त्याने 250 समाजांची माहिती एकत्र करून मांडलं की आई, बाप आणि मुलं हा गाभा सगळीकडे सापडतो, कधी सुटा तर कधी मोठ्या कुटुंबाच्या पोटात. एकत्र निवास, आर्थिक सहकार्य आणि प्रजोत्पादन ही त्याची लक्षणं. या व्याख्येला सर्वांत अडचणीत आणलं ते मलबारच्या नायरांनी. ब्रिटिश अंमल येण्यापूर्वीच्या तिथल्या रिवाजाबद्दल कॅथलीन गॉफ यांनी 1959 मध्ये लिहिलं. नायर स्त्री आपल्या मातृवंशीय घरातच, तरवाडातच, राहायची. तिच्याशी संबंध असलेले पुरुष रात्री यायचे आणि सकाळी आपापल्या तरवाडात परतायचे. मुलं आईच्या घराची; त्यांच्यावर अधिकार मामाचा. बाळ जन्मलं की योग्य दर्जाच्या पुरुषाने सुईणीला वस्त्र आणि थोडी भाजी द्यायची, एवढ्यावर पितृत्व मान्य. एकत्र निवास नाही, नवरा-बायकोचं आर्थिक सहकार्य जवळजवळ नाही, तरी मुलं अनौरस नाहीत आणि समाज नीट चाललेला. म्हणून 'वैविध्य' ही आजकालची गोष्ट आहे असं कोणी म्हणालं की मी विद्यार्थ्यांना आधी तरवाडात पाठवते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सचं म्हणणं अभ्यासक्रमात प्रकार्यवाद म्हणून येतं, म्हणजे प्रत्येक संस्था समाजासाठी काय काम करते यावरून तिच्याकडे पाहणं. औद्योगिक समाजाला नोकरीसाठी हलू शकणारं, लहान, सुटसुटीत कुटुंब लागतं. त्याच्याकडे दोनच मोठी कामं उरतात, मुलांचं प्राथमिक सामाजिकीकरण आणि मोठ्यांना मानसिक स्थैर्य देणं. पुरुष कमावणारा, स्त्री मायेची बाजू सांभाळणारी. हे 1955 साली अमेरिकेत लिहिलं गेलं, आणि तारखेकडे लक्ष द्यायला हवं. त्या दशकात अमेरिकेत स्त्रियांचं पहिल्या लग्नाचं मध्यक वय जेमतेम 20 होतं. 1890 मध्ये ते 22 होतं. म्हणजे पार्सन्सच्या खिडकीतून जे दिसत होतं ते जुन्या परंपरेचं टोक नव्हतं. युद्धानंतरची भरभराट, लवकर लग्नं आणि जन्मदरातली वाढ यांनी घडवलेला तो छोटासा अपवादात्मक काळ होता. आज 'कुटुंब ढासळलं' म्हणणारे बहुतेक जण त्याच दशकाला शून्य धरून मोजतात. सुरुवातीचा बिंदूच शिखरावर घेतला, तर पुढची प्रत्येक रेघ उतरतीच दिसणार.

इतिहासकारांनी या चित्राला आणखी दोन ठिकाणी भोक पाडलं, आणि हा भाग विद्यार्थी नेहमी घाईत उरकतात, म्हणून इथे जरा थांबते. पीटर लॅसलेट आणि केंब्रिजमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या जुन्या नोंदवह्या तपासल्या. 16व्या शतकापासून 19व्या शतकापर्यंत घरामागे माणसांची सरासरी 4.75 च्या आसपास निघाली. म्हणजे कारखाने येण्याआधीही इंग्लंडमध्ये बहुतेक घरं लहानच होती. उद्योगांनी मोठं कुटुंब फोडलं ही सोपी गोष्ट तिथे तरी लागू पडेना. दुसरा धक्का मायकेल अँडरसनचा. त्याने लँकशरमधल्या प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावाची 1851 ची जनगणना अभ्यासली. पार्सन्सच्या हिशेबाने इथे तर घरं सर्वांत सुटी असायला हवीत. प्रत्यक्षात 23 टक्के घरांत आई-बाप-मुलांपलीकडचे नातेवाईक राहत होते. कारण प्रेमापेक्षा पोटाचं जास्त होतं. आई गिरणीत जाणार, तर मुलांना बघायला म्हातारी आजी हवी; आजीला वृद्धापकाळी आसरा हवा. पोरका भाचा घरात घेतला की थोड्याच वर्षांत त्याची मजुरी येते. भाडं वाटून घेतलं तर परवडतं. आजारपण आणि बेकारी यांना तोंड द्यायला सरकारी आधार नव्हता, तेव्हा नातेवाईक हाच विमा. प्रेस्टनची ही घरं मी पुढे पुन्हा काढणार आहे, कारण गरजेतून कुटुंबाचा आकार कसा ठरतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

मार्क्सवादी बाजू इथे एका वाक्यात पुरे: एंगल्सने 1884 मध्ये एकपत्नी कुटुंबाची मुळं खासगी मालमत्ता आणि वारसाहक्कात शोधली. स्त्रीवाद्यांनी मात्र नुसती मुळं शोधण्यापेक्षा मोठं काम केलं. त्यांनी घराचं दार उघडून आत कोण राबतंय ते पाहिलं. ॲन ओकली यांनी लंडनमधल्या 40 गृहिणींच्या मुलाखतींवरून 1974 मध्ये दाखवलं की घरकामाचा आठवडा सरासरी 77 तासांचा होतो. पार्सन्स ज्याला 'मायेची बाजू' म्हणत होता ते तासांत मोजण्यासारखं श्रमाचं काम निघालं. पुढे 1989 मध्ये आर्ली हॉशिल्ड यांनी नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरी परतल्यावरच्या 'दुसऱ्या पाळी'बद्दल लिहिलं. स्त्रिया बाहेर पडल्या, पण पुरुष आणि नोकरीची जागा त्या वेगाने बदलली नाही, म्हणून क्रांती अर्ध्यात अडकली, हा त्यांचा निष्कर्ष. बाहेरून हुबेहूब सारखी दिसणारी दोन केंद्र कुटुंबं, म्हणजे फक्त आई-बाप-मुलांची घरं, आतून किती वेगळी असू शकतात हे यातून कळतं, आणि प्रकारांच्या तक्त्यात हा फरक कुठेच उमटत नाही.

आता खुद्द 'वैविध्य' या शब्दाकडे. तो या चर्चेत पक्का केला रॉबर्ट आणि रोना रॅपोपोर्ट यांनी, 1982 साली, ब्रिटनच्या संदर्भात. रचना, संस्कृती, वर्ग, जीवनक्रमातला टप्पा आणि पिढी अशा पाच अंगांनी कुटुंबं वेगळी असतात असं त्यांनी मांडलं. परीक्षेत ही पाच नावं सगळेच लिहितात. पण शेवटची दोन अंगं काळाशी जोडलेली आहेत हे थोड्यांच्या लक्षात येतं, आणि तिथूनच रॉबर्ट चेस्टरचा आक्षेप उगवतो. 1985 मध्ये तो म्हणाला की जनगणना हा एका क्षणाचा फोटो आहे. त्यात एकटी राहणारी तरुणी दिसते, एकटी राहणारी विधवा दिसते, मुलं उडून गेलेलं जोडपं दिसतं. हे सगळे 'केंद्र कुटुंबात न राहणारे' म्हणून मोजले जातात. पण तरुणी उद्या लग्न करणार आहे, विधवेने चाळीस वर्षं संसार केलाय, आणि त्या जोडप्याने मुलं वाढवून मोकळी केली आहेत. आयुष्यभराचा चित्रपट पाहिला तर बहुतेक जण कधी ना कधी त्याच चौकटीत राहून गेलेले असतात. बदल त्याला एकच महत्त्वाचा वाटला: आता नवरा-बायको दोघं कमावतात. त्याला त्याने 'नव-पारंपरिक' कुटुंब म्हटलं.

चेस्टरचा हा मुद्दा मला आजही पद्धतीच्या दृष्टीने पक्का वाटतो. आयुर्मान वाढलं की एकट्या वृद्धांची घरं वाढणारच. त्यात कुटुंब मोडल्याचा पुरावा नाही. पण त्याचा निष्कर्ष त्याच्या काळापुरता होता. त्याने मानलेला क्रम होता लग्न, मग मूल, मग मुलांचं बाहेर पडणं. तो क्रमच पुढे अनेक देशांत सैल झाला: मूल आधी, लग्न नंतर किंवा कधीच नाही, लग्न, घटस्फोट, पुन्हा सहजीवन. लेस्टेग आणि व्हान डी का या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये याला 'दुसरं लोकसंख्या संक्रमण' असं नाव दिलं. फोटोऐवजी चित्रपट पाहिला तरी आता वैविध्य दिसतंच.

हे का झालं याचं सर्वांत गाजलेलं उत्तर व्यक्तीकरणाचं. जर्मनीत उलरिश बेक आणि एलिझाबेथ बेक-गेर्न्सहाइम यांनी 1990 मध्ये आणि ब्रिटनमध्ये अँथनी गिडन्स यांनी 1992 मध्ये जवळपास एकाच दिशेने मांडणी केली. वर्ग, धर्म, लिंग यांनी आखून दिलेलं आयुष्य सैल पडलं, आणि प्रत्येकाला आपलं चरित्र आपणच रचावं लागतं. कोणी कुठे राहायचं, कोणाची बदली स्वीकारायची, मूल कधी, स्वयंपाक कोणाकडे, सगळं बोलणीवर आलं. गिडन्स ज्याला 'शुद्ध नातं' म्हणतात ते दोघांनाही समाधान मिळेपर्यंतच टिकतं. यामागे गर्भनिरोधक गोळी आहे, स्त्रियांची कमाई आहे, कायदेही आहेत: कॅलिफोर्नियात कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट 1970 पासून मिळू लागला, इंग्लंडमध्ये 1969 चा सुधारित कायदा 1971 पासून लागू झाला.

वाचायला हे फार आकर्षक आहे, आणि म्हणूनच जपून वापरा. लिन जेमिसन यांनी 1999 मध्ये साधा प्रश्न विचारला: प्रत्यक्ष संसारांत ही बरोबरी कुठे दिसते? मुलं, कर्ज, घरकाम यांत गुंतलेलं नातं 'समाधान संपलं, निघालो' असं सुटत नाही. कॅरल स्मार्ट यांनी तर एकट्या, सुट्या व्यक्तीची कल्पनाच नाकारली. आपण निवड करतो ती आधीच्या नात्यांत, आठवणींत, घराण्याच्या गुपितांत अडकलेल्या जागेवरून करतो, असं त्यांचं म्हणणं. माझा कल स्मार्ट यांच्याकडे आहे.

डेव्हिड मॉर्गन यांनी 1996 मध्ये सुचवलेली दिशा मला सर्वांत उपयोगी पडली. कुटुंब ही 'असण्याची' वस्तू मानण्याऐवजी ती रोज 'केली जाते' असं धरून पाहा, असं त्यांचं सांगणं. जेवू घालणं, शाळेतून आणणं, आजाऱ्याजवळ बसणं, वाढदिवसाचा फोन. यांना ते कुटुंबाचे व्यवहार म्हणतात. जॅनेट फिंच यांनी 2007 मध्ये त्याला जोड दिली: नुसतं करून भागत नाही, 'हे आमचं कुटुंब आहे' हे इतरांना दिसावंही लागतं, विशेषतः ज्यांचं कुटुंब नेहमीच्या साच्यात बसत नाही त्यांना.

हे कागदावर पटतंच. मुलाखतीत जास्त पटतं. आम्ही आधी ठरावीक तक्ता भरून घेतो: घरात कोण राहतं, नातं, वय, शिक्षण, काम. एका घटस्फोटित बाईंचा तक्ता दोन ओळींत संपला. त्या आणि नऊ वर्षांची मुलगी. 'एकल पालक' असा शेरा मारून पुढे जाता आलं असतं. मग मुलीला कोरा कागद दिला आणि तुझी माणसं काढ म्हटलं. तिने सात काढली. मधोमध वडिलांची आई, कारण शाळेतून आणायला रोज तीच यायची. वडिलांच्या नव्या बायकोचा लहान मुलगा होता, त्याच्याखाली लिहिलेलं 'भाऊ, शनिवारी'. आईची एक मैत्रीण होती, जिच्याकडे घराची दुसरी किल्ली. वडील कोपऱ्यात, पण होते. मी सासूबाईंबद्दल विचारल्यावर त्या बाई सहज म्हणाल्या, "घटस्फोट नवऱ्याशी झाला, सासूशी कुठे झालाय?" आमच्या तक्त्यात या सातपैकी दोघींनाच जागा होती.

अमेरिकेत ज्युडिथ स्टेसी यांनी 1990 मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या कामगारवर्गीय स्त्रियांच्या अभ्यासात नेमकं हेच पाहिलं होतं. त्यांच्या अभ्यासातल्या एका स्त्रीने आधीच्या नवऱ्याच्या नव्या जोडीदारणीशीच जवळीक जोडली आणि दोन्ही घरं एकमेकांना मदत करू लागली. स्टेसी याला घटस्फोटातून विस्तारलेलं कुटुंब म्हणतात. त्यांच्या कामातली मला भावलेली बाजू अशी की 'उत्तर-आधुनिक', म्हणजे एक ठरलेला साचा नसलेल्या, कुटुंबाच्या वाटा शिकलेल्या, सुखवस्तू लोकांनी पाडल्या हा समज त्यांनी उलटा केला. त्या पाडल्या कामगार स्त्रियांनी, आणि बऱ्याचदा नाइलाजाने.

इथे दुसरा प्रश्न येतो: निवड कोणाची? कॅरल स्टॅक यांनी 1974 मध्ये अमेरिकेतल्या एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या आयुष्याबद्दल लिहिलं. पैसे, कपडे, फर्निचर, इतकंच काय मुलंही काही काळासाठी नातेवाईकांच्या घरी जात-येत असत. त्याआधी 1965 च्या मॉयनिहन अहवालाने, म्हणजे कृष्णवर्णीय कुटुंबांवरच्या अमेरिकी सरकारी अहवालाने, अशा घरांना विस्कटलेली ठरवलं होतं, कारण त्यात बाप दिसत नव्हता. स्टॅकनी दाखवलं की तिथे घट्ट विणलेलं जाळं आहे, फक्त ते अनेक घरांत पसरलेलं आहे. प्रेस्टनच्या गिरणी कामगारांचा हिशेब सव्वाशे वर्षांनी पुन्हा मांडलेला दिसतो.

कॅथरिन एडिन आणि मारिया केफलास यांनी फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या 162 गरीब एकल मातांशी बोलून 2005 मध्ये जे लिहिलं ते तर 'लग्नावरचा विश्वास उडाला' या समजाला थेट छेद देतं. या स्त्रियांना लग्न इतकं मोठं वाटत होतं की पक्की नोकरी, थोडी शिल्लक आणि भरवशाचा माणूस मिळाल्याशिवाय ते करायचंच नाही असं त्यांनी ठरवलेलं. मूल मात्र थांबवायचं नव्हतं. म्हणजे लग्नाविना मातृत्व हे लग्नाला कमी लेखल्याचं लक्षण नव्हतं. अँड्र्यू चर्लिन यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या लग्नाबद्दल असंच काहीसं म्हटलं: प्रौढ आयुष्याची पहिली पायरी असलेलं लग्न आता यशाचा शेवटचा शिक्का झालंय. शिकलेल्या, स्थिर नोकरीच्या जोडप्यांना तो शिक्का मिळतो, इतरांना मिळत नाही. त्याच वर्षी सारा मॅकलॅनहन यांनी दाखवलं की मुलांच्या वाट्याला येणारे पालकांचे पैसे आणि वेळ यांतली दरी वर्गानुसार रुंदावत चालली आहे. या सगळ्याला एकत्रितपणे 'वैविध्य' म्हणणं मला कधीकधी सोयीस्कर वाटतं. त्यात काहींचं स्वातंत्र्य आणि काहींची ओढाताण एकाच रकान्यात जाते.

निवडीचं खरं टोक पाहायचं तर समलिंगी जोडप्यांकडे पाहावं. केट वेस्टन यांनी 1991 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या 'निवडलेल्या कुटुंबां'बद्दल लिहिलं. रक्ताच्या माणसांनी दार लावल्यावर मित्र, जोडीदार, जुने जोडीदार यांतून उभी राहिलेली माणसं. पण तिथेही निवडीमागे नाकारलं जाणं होतंच. कायदा मागून आला: डेन्मार्कमध्ये 1989 ला जोडीदारीची नोंदणी, नेदरलँड्समध्ये 2001 ला लग्न, अमेरिकेत देशभर 2015 ला. ज्यांना कुटुंबसंस्थेने सर्वांत जास्त दूर लोटलं त्यांनीच लग्नाच्या हक्कासाठी इतका लढा द्यावा, हे 'कुटुंब संपलं' म्हणणाऱ्यांनी कुठेतरी बसवून दाखवायला हवं.

स्थलांतरितांच्या कुटुंबांबद्दल दोन शब्द. रेसेल परेन्यास यांनी रोम आणि लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या फिलिपिनो आयांचा अभ्यास केला. त्यांची स्वतःची मुलं मायदेशी, बहुधा दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या हाती. हॉशिल्ड याला संगोपनाची जागतिक साखळी म्हणतात. रोममधलं दोघं कमावणारं 'नवं' कुटुंब आणि मनिलातलं आईविना घर ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. प्रकारांच्या यादीत ती दोन वेगळ्या ओळींवर पडतात.

तेव्हा उत्तर लिहिताना 'एका बाजूला अमुक, दुसऱ्या बाजूला तमुक, निष्कर्ष मध्यम' असं लिहू नका. प्रत्येक मांडणीजवळ दोन गोष्टी नोंदवा: पुरावा घराच्या रचनेचा आहे की व्यवहारांचा, आणि अभ्यासलेले लोक कोणत्या वर्गातले. मर्डॉक, लॅसलेट, चेस्टर रचना मोजतात. मॉर्गन, स्टॅक, स्मार्ट व्यवहार पाहतात. गिडन्स सिद्धांत मांडतात आणि पुरावा इतरांवर सोडतात. एवढं केलं की यांची बरीचशी भांडणं आपोआप विरघळतात.

विरघळत नाही तो वाद मुलांचा. आई-वडील वेगळे झालेल्या मुलांचे शिक्षणातले निकाल सरासरीने कमी येतात, हे अनेक अभ्यासांत दिसतं. पण विभक्त होण्यानेच ते घडतं, की आधीपासूनची भांडणं आणि ओढगस्त दोन्हींना कारण असते? मॅकलॅनहन आणि गॅरी सँडेफर यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून जवळपास निम्मा फरक उत्पन्नाचा ठरवला. उरलेल्या निम्म्यात लक्ष द्यायला वेळ नसणं, वारंवार घर बदलणं, ओळखीची माणसं तुटणं हे सगळं येतं. माझं झुकतं माप असं: कुटुंबाचा प्रकार सांगून मुलाचं भवितव्य सांगता येत नाही, पण त्या घरात पैसा किती स्थिर आहे आणि मोठी माणसं किती वेळा बदलली एवढं कळलं तर बरंच सांगता येतं. यावर वाद घालायला भरपूर जागा आहे, आणि शोधनिबंधाचा विषय हवा असेल तर मी इथूनच घ्यायला सांगेन.